उपग्रह वर, खोट खाली

पुण्यात कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपला तीन मजले आहेत. खाली जुना रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही डोक्यावर मेट्रो. पुलावरून जाताना गाडीतल्या नेव्हिगेटरचा बाण बरेचदा खालच्या रस्त्यावरच रेंगाळतो आणि त्यातली बाई शांतपणे सांगते, 'डावीकडे वळा.' डावीकडे असतो कठडा! मग शेजारी बसलेलं कुणीतरी म्हणतं, 'सॅटेलाइट मिळत नाहीये वाटतं.' या वाक्याची मला आता चीड येऊ लागली आहे. उपग्रह बिचारे बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतात. खोट असते ती खाली: काचेत, चार्जरमध्ये, अँटेना बसवणाऱ्याच्या घाईत, नाहीतर नकाशात.

इतिहास चटकन उरकतो, कारण तो सगळीकडे मिळतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३मध्ये जीपीएस हाती घेतलं, पहिला उपग्रह १९७८मध्ये गेला, १९९५मध्ये यंत्रणा पूर्ण झाली. नागरी वापरासाठी मुद्दाम घातलेली चूक मे २०००मध्ये काढून टाकली, तेव्हा कुठे गाडीला रस्ता सापडू लागला. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि आपली नाविक ही पुढची भावंडं. जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात: तीन जागेसाठी आणि एक आपल्या यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. झाला इतिहास.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे हा संदेश किती क्षीण असतो. जीपीएसचा उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून काही डझन वॅटच्या ताकदीने बोलतो. घरातल्या बल्बाएवढी ती ताकद. आपल्या डॅशबोर्डवर पोचेपर्यंत एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले तर त्यातला जेमतेम एक उरतो. यंत्राच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटापेक्षाही तो हळू असतो. गर्दीत आपलं नाव कुणी पुटपुटलं तरी कान टवकारतात ना, तसं यंत्र केवळ प्रत्येक उपग्रहाचा संकेत आधीपासून पाठ असल्यामुळे तो वेचून काढतं.

इथे थोडं आडवळण घेतो. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. विज्ञान दिनाला ती लोकांना दाखवतात, आणि मी संधी मिळेल तेव्हा जातो. दुर्बिणीचा सर्वांत वरचा पट्टा १०५० ते १४५० मेगाहर्ट्झचा. जीपीएस आणि नाविक दोघांचीही एल-५ लहर ११७६.४५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात! आपल्याला जो संदेश मिळता मिळत नाही, तो खोडदच्या खगोलशास्त्रज्ञांना कानठळ्या बसवणारा उपद्रव वाटतो. तिथून जवळच आर्वीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी दळणवळणाचं विक्रम उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. आकाशाकडे कान लावायला जुन्नर तालुका आधीपासूनच सरावलेला आहे, असं मला उगीच वाटतं.

आता गाडीकडे. मोबाइलवर उपग्रहांची ताकद दाखवणारी फुकट ॲप मिळतात. त्यात प्रत्येक उपग्रहापुढे डेसिबल-हर्ट्झमधला आकडा असतो. चाळिशीच्या पुढे उत्तम, तिशीत चालतं, पंचविशीखाली रडगाणं. तीनचा फरक म्हणजे ताकद निम्मी. हा आकडा बघत मोबाइल बॉनेटवरून डॅशबोर्डवर, तिथून गिअरजवळच्या कपाच्या खाचेत आणा. आकडे डोळ्यांदेखत घसरतात. लोक नेमका त्याच खाचेत मोबाइल ठेवतात आणि सॅटेलाइटला नावं ठेवतात.

काच हा दुसरा गुन्हेगार. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत ऊन परतवणारा धातूचा अतिपातळ थर असतो. गारवा मिळतो, पण लहरीही अडतात. अशा काचेत आरशामागे एक तुकडा बहुधा बिनथराचा सोडलेला असतो. फास्टॅगही तिथेच चिकटवायचा आणि नेव्हिगेटरचा कानही तिथेच द्यायचा. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्येच बंदी घातली, तरी जुन्या गाड्यांवर चकचकीत धातूची फिल्म अजून दिसते. तिच्या मालकाने उपग्रहाबद्दल बोलूच नये.

तिसरा गुन्हेगार सर्वांत लबाड: सिगारेट लायटरच्या भोकात घातलेला स्वस्त चार्जर, नाहीतर काचेवरचा डॅशकॅम. बारा व्होल्टचे पाच करताना आतलं सर्किट सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतं आणि आजूबाजूला गोंगाट पसरवतं. तपासणी सोपी आहे. ॲप उघडा, आकडे बघा, चार्जर उपटा. सगळे उपग्रह एकदम चार-पाचने वधारले, तर चोर सापडला.

आता नाना पेठ. गाडीत नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवायचा तर पुणेकर इथेच येतो. सोबत काडेपेटीहून लहान काळी डबी आणि लांब वायर येते. तीच जीपीएसची अँटेना. आत चिनी मातीसारखी चौकोनी चकती असते आणि तिचं तोंड आकाशाकडे हवं. फिटरने माझ्यासमोर ती डबी स्टिरिओच्या मागे, लोखंडी पट्टीखाली कोंबली. मी म्हटलं, 'अहो, वर ठेवा ना.' तो म्हणाला, 'साहेब, सगळ्यांची अशीच लावतो, कंप्लेंट नाही.' कंप्लेंट येते हो, फक्त ती उपग्रहाच्या नावावर जाते! डबी डॅशबोर्डच्या वर, काचेच्या कोपऱ्यात, चुंबकाची बाजू खाली आणि चकती वर अशी दुपदरी टेपने चिकटवायची. खाली पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा असेल तर आणखी छान. वायर डॅशकॅमच्या वायरीपासून लांब न्यायची आणि कापून जोडायची नाही, कारण तिच्यातूनच अँटेनाला वीज जाते. इतकं केलं तर महागडं नवं यंत्र घ्यायची वेळ क्वचितच येते.

बाणेर-कोथरूडच्या सोसायट्यांतून निघणाऱ्यांसाठी एक सूचना. उपग्रह आपल्या कक्षेचा नेमका तपशील दर ३० सेकंदांनी सांगतो, आणि तो सलग ऐकावा लागतो. तळघरातून गाडी काढून लगेच झाडांच्या बोगद्यात घुसलात तर जुनं यंत्र अर्धवट ऐकतं आणि पुन्हा सुरुवात करतं. फाटकाबाहेर मोकळ्यात अर्धा मिनिट थांबा. मोबाइलचं बरं असतं, तो हा तपशील इंटरनेटवरून आधीच उचलतो.

पेठांची गोष्ट वेगळी. वाडे पडून तिथे इमारती आल्या. अरुंद गल्लीत आकाशाची फक्त एक पट्टी उरते. थेट लहर अडते, समोरच्या भिंतीवरून आपटलेली लहर उशिरा येते. लहरीला एका मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे ३०० मीटर. इथे उशीर फार थोडा असतो, पण गाडी शेजारच्या गल्लीत दाखवायला तेवढा पुरतो. अशा जागी डोक्यावरचे उपग्रह कामाचे. म्हणून मला नाविकचं फार अप्रूप होतं: ८३ अंश रेखांशावरची तिची भूस्थिर जागा पुण्यातून आग्नेय-दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच दिसते. पण नाविकच्या नशिबी घड्याळं आली. पहिल्या उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली, २०१७मध्ये बदली उपग्रह उष्णतारोधक कवचातच अडकला, २०२३मध्ये देशी घड्याळासह एनव्हीएस-०१ हा नवा उपग्रह नीट गेला, जानेवारी २०२५मध्ये एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. मात्र वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतून निघालेल्या एआयएस-१४० या मानकाने सार्वजनिक वाहनांच्या ट्रॅकरमध्ये नाविकला जागा दिली, याचं मला पुणेकर म्हणून कौतुक आहे.

उपग्रहाच्या बाजूची एकच तक्रार मी मान्य करतो, ती संध्याकाळची. सूर्य मावळल्यावर आपल्या अक्षांशांवर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खदखदतं, विशेषतः विषुवदिनांच्या आसपास आणि सूर्य चेकाळलेल्या वर्षांत. लहरी उशिरा येतात, लुकलुकतात. एल-१ आणि एल-५ या दोन्ही लहरी ऐकणारं यंत्र यातला उशीर बराचसा वजा करतं. नवीन घेणारच असाल तर एवढं विचारून घ्या.

बोगद्यात मात्र सगळेच बहिरे. पुण्याला परतताना खंबाटकीचा बोगदा लागतो. त्यात गाडीतच बसवून आलेलं यंत्र चाकांचे फेरे मोजून अंदाजाने बाण पुढे ढकलतं, काचेवरचं अडकून राहतं. उड्डाणपुलांचा घोळ तर उंचीचा आहे. उपग्रह फक्त वर असतात, पायाखाली नसतात, त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट निघते. पूल आणि सर्व्हिस रोड यांत निवड शेवटी नकाशाच करतो, आणि ती चुकली तर अँटेना बदलून काही होत नाही. नकाशा अद्ययावत करा, चूक दिसली तर कळवा.

मोकळ्या आकाशाखाली मोबाइल पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो, गाडीला तेवढं पुरे. ज्याला यापेक्षा नेमकं हवं, त्याने भूमी अभिलेख खात्याची जमीन मोजणी बघावी. त्यांचं रोव्हर नावाचं फिरतं यंत्र स्थिर संदर्भ केंद्रांची मदत घेऊन बांधाचा कोपरा काही सेंटिमीटरमध्ये सांगतं. पण तो रोव्हर घेतलेला माणूसही आंब्याखाली उभा राहिला की आकडे नाचतात, आणि तो यंत्राला शिव्या न घालता आधी झाडाखालून बाजूला होतो.