आधी स्लॅबला विचारा

हिवाळ्यात नाशिकच्या पंचवटीतल्या मार्केट यार्डात भाजीची आवक वाढली, की मेथी-कोथिंबिरीची जुडी मातीमोल भावाने जाते. जिल्हाभरातून आलेला माल इथूनच मुंबईच्या वाटेला लागतो. अशा ठिकाणी राहून कुणी गच्चीवर मेथी पेरणार असेल, तर पैसे वाचतील ही आशा त्याने आधीच सोडावी. कुंड्या, रोपे, जाळी, खत आणि पाणी यांचा हिशेब मांडला तर घरची जुडी बाजारापेक्षा महागच पडते. तरीही गच्चीवर बाग करावी. तिची कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण उन्हाचे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा 40 अंशांना टेकतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो आणि वरच्या मजल्यावरचा पंखा नुसती गरम हवा फिरवतो. झाडांची सावली स्लॅब तापू देत नाही, शिवाय पानांमधून पाण्याची वाफ होत असते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता ही एक किलोवॅटचा गीझर सुमारे 40 मिनिटे चालवण्याइतकी असते. अर्थात, गारवा मिळतो तो बागेने झाकलेल्या भागाखालीच. कोपऱ्यात चार कुंड्या ठेवून सगळे घर थंड होत नाही.

दुसरे कारण ओल्या कचऱ्याचे. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा हे सगळे रोज घंटागाडीत जाते आणि गावाबाहेर कुजते. तेच गच्चीवर कुजले तर खत होते. तिसरे कारण खाण्याचे: आपण काय फवारले आणि कधी तोडले, हे ताटात वाढताना ठाऊक असते.

आता अडचणींकडे येऊ. बहुतेक जण सुरुवात रोपवाटिकेतून करतात, ती करावी स्लॅबपासून. लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीवर भारतीय मानक 875 नुसार चौरस मीटरला साधारण 150 किलो, म्हणजे चौरस फुटाला 14 किलो वापरातला भार गृहीत धरतात. भिजलेली माती घनमीटरला 1,600 ते 2,000 किलो भरते. सहा इंच जाडीचा ओला थर अंथरला, तर चौरस फुटाला 23 ते 28 किलो होतात. म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्यावर माणसे वावरणार, पाण्याची टाकी आणि सोलर हीटर आधीपासून बसलेले असणार. म्हणून सगळी गच्ची मातीने भरण्याचा विचारच करू नये. जड वाफे तुळई आणि खांबांच्या वर, कडेच्या भिंतीलगत घ्यावेत आणि मधला भाग मोकळा ठेवावा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची इमारत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावी. आणि जुने लाकडी वाडे? पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना पावसाळ्याआधी महापालिकेच्या नोटिसा जातात. तिथे हा हौशीचा प्रयोग नकोच.

वजनावर उपाय एकच: माती कमी, पाला जास्त. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना हीच दिशा दिली, की झाडाला हवे ते पालापाचोळ्यातूनच घडवता येते. त्याच विचारावर प्रीती पाटील यांनी मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली. खालच्या मुदपाकखान्यातल्या ओल्या कचऱ्याचे वर खत झाले आणि त्यावर भाज्या-फळे आली. नाशकात संदीप चव्हाण ‘गच्चीवरची बाग’ या उपक्रमातून पालापाचोळा आणि उसाची चिपाडे वापरून बाग फुलवण्याचे धडे देतात.

हा सगळा माल पंचवटीत फुकटात पडलेला असतो. रसवंतीबाहेर चिपाडांचे ढीग, नारळाच्या शेंड्या, शिशिरात गळालेला पाला आणि रामकुंडाच्या परिसरातले निर्माल्य. निर्माल्य घेताना मात्र हारांतले दोरे, चमकी आणि प्लास्टिक निवडून काढावे. क्रेट किंवा पिशवीच्या तळाशी शेंड्या, वर चिपाडे, मग सुका पाला. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर सुक्याचे दोन-तीन. सगळ्यात वर मातीमिश्रित खताचा हातभर नव्हे, चार बोटांचा थर. वास येऊ लागला तर समजावे की सुका पाला कमी पडला.

दुसरी मोठी अडचण गळतीची. बाग करण्याआधी गच्चीची नळी बंद करून एक-दोन दिवस पाणी तुंबवून पाहावे. खालच्या छताला ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग, मग वांगी-टोमॅटो. वाफे थेट कोब्यावर न ठेवता विटांवर उचलून ठेवले तर पाणी खालून वाहते आणि भेग लगेच दिसते. पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळाचे बी गच्चीच्या भेगेत पडते आणि बोटभर रोप दिसेपर्यंत मूळ आत शिरलेले असते. ते दिसताक्षणी काढावे.

पाण्याचा हिशेब उन्हाळ्यात कठीण होतो. मे महिन्यात शंभर चौरस फूट लागवडीला रोज 50 लिटरच्या आसपास पाणी लागते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी उपयोगी पडतेच, पण खरी बचत वाफ्यावर पाल्याचे आच्छादन घातल्याने आणि हिरवी जाळी बांधल्याने होते. पावसाळ्यात कुंडीखालच्या बशा दर आठवड्याला रिकाम्या कराव्यात. डेंग्यूच्या डासाच्या अळ्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो.

पिकांचेही इथले वेळापत्रक आहे. पावसाळ्यात दोडके, गिलके, कारले. थंडीत मेथी, पालक, टोमॅटो, मुळा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरला की मिरची-वांगी अडून बसतात, त्यात खताचा दोष नसतो. वेलाला नुसती फुले येतात आणि फळ धरत नाही, ही तक्रार नेहमीची. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे ते काम आपल्यालाच करावे लागते. गिलक्याचे फूल पहाटे उमलते, दोडक्याचे संध्याकाळी. ती वेळ साधून नर फूल तोडावे आणि त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावेत. देठाशी इवलेसे गिलके दिसते, ती मादी.

इमारत सोसायटीची असेल तर गच्ची सगळ्यांची असते. सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतला नाही, तर पहिल्या गळतीला बागवाल्याकडेच बोट दाखवले जाईल, मग पाईप फुटलेला का असेना.

पहिल्या वर्षी चार-पाच क्रेट पुरेत. एक पावसाळा आणि एक उन्हाळा निभावला, तर वाढवावे. यश किती किलो भाजी निघाली यावर मोजू नये. त्या तराजूत मार्केट यार्ड नेहमीच जिंकेल. घंटागाडीत जाणारी ओल्या कचऱ्याची बादली किती हलकी झाली आणि मे महिन्यात वरच्या खोलीत झोप लागते का, हे पाहावे. या दोन्हींचे उत्तर बरे आले, तर उरलेली मेथी शेजारच्यांना वाटायला हरकत नाही.