व्होल्गाकाठचा चौविहार

व्यापारासाठी घर सोडणे आपल्या समाजाला नवे नाही. मारवाड-गुजरातेतून आपले पूर्वज लोटा-दोरी घेऊन दक्षिणेत उतरले. आधी पेढी उभी राहिली, मग घर, आणि त्यानंतर गावात स्थानक वा मंदिर. त्या काळी कर्ता पुरुष परमुलखी जाई आणि मागे घर धर्म सांभाळी. आता अठरा वर्षांची मुले शिक्षणासाठी सातासमुद्रापार जातात आणि त्यांचा धर्म त्यांनाच सांभाळावा लागतो. रशियात वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलामुलींत आपल्या घरांतील मुलेही आहेत. पालकांचे प्रश्न मात्र सगळीकडे तेच असतात. मूल खाणार काय, सण कसे करणार, आणि काही बरेवाईट झाले तर धावून कोण जाणार?

आमची पुतणी २०२१ च्या शरद ऋतूत त्वेर या शहरी गेली. आता ती पाचव्या वर्षात आहे. तिने साजरे केलेले सण आणि तिच्यावर गुदरलेले प्रसंग यांचा हा वृत्तांत या प्रश्नांना थोडेफार उत्तर देऊ शकेल, असे वाटते.

त्वेर आणि जुन्नर

त्वेर हे मॉस्कोच्या वायव्येस, मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग लोहमार्गावर, व्होल्गा नदीच्या काठी वसलेले जुने शहर. तेथे नदीकाठी एका व्यापाऱ्याचा पुतळा आहे, १९५५ साली उभारलेला. अफानासी निकितिन हे त्याचे नाव. पंधराव्या शतकात तो माल घेऊन त्वेरहून निघाला. आस्त्राखानजवळ लुटला गेला, तरी मागे न फिरता इराण ओलांडून होर्मुझहून गलबताने आपल्या कोकणात चौलला उतरला. जवळ विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता. तो घेऊन तो घाट चढला आणि पावसाळ्यात त्याने जुन्नरला मुक्काम केला.

आमचे घर जुन्नरचे, व्यवसाय भुसार मालाचा. पुतणीला प्रवेश मिळाला तेव्हा या योगायोगाचे आम्हां सर्वांनाच नवल वाटले. जुन्नरच्या खानाने निकितिनचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तरच तो परत मिळेल, अशी अट घातली. एका खोरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून त्याचा धर्मही वाचला आणि घोडाही. लुटीत त्याचे धर्मग्रंथ गेले होते. त्यामुळे आपले सण आणि उपवास केव्हा येतात, हेच त्याला कळेनासे झाले. तो अदमासाने उपवास करीत राहिला आणि त्याची खंत त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली.

त्याच वर्णनात आणखी एक नोंद आहे. येथील लोक मांस खात नाहीत, दिवसातून दोन वेळा जेवतात, रात्री जेवत नाहीत आणि मद्य पीत नाहीत, असे तो लिहितो. ती माणसे कोणत्या पंथाची हे तो सांगत नाही. परंतु रात्रिभोजनत्यागाची दखल साडेपाचशे वर्षांपूर्वी त्वेरच्या एका व्यापाऱ्याने घेतली होती, हे वाचून पुतणीच्या आजीला मोठा धीर आला.

सूर्य आणि घड्याळ

पहिली अडचण सूर्यानेच उभी केली. डिसेंबरच्या उत्तरार्धात त्वेरला सकाळी नऊनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. उलट जूनमध्ये पहाटे चारच्या आधी उजाडते आणि सूर्यास्त होतो रात्री साडेनऊच्या सुमारास. जुन्नरच्या घड्याळावर बसविलेला चौविहार तेथे कसा चालावा? घरात दोन मते पडली. कोणी म्हणाले, परमुलखात सूट घ्यावी. कोणी म्हणाले, भारतातील वेळ पाळावी. आजीने निकाल दिला, ‘‘सूर्याकडे बघ, घड्याळाकडे नको. नियम सूर्याचा आहे.’’

त्या दिवसापासून हिवाळ्यात पुतणीचा डबा दोन कप्प्यांचा झाला. एक कप्पा सकाळी नवकारशीनंतर उघडायचा आणि दुसरा दुपारच्या सुटीत, साडेतीनच्या आत. तास संपेपर्यंत बाहेर अंधार पडलेला असे. पहिल्या हिवाळ्यात रात्री भूक लागे, झोप येत नसे. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत शरीराने नियम मान्य केला.

दुसरी अडचण अक्षरांची. रशियात ‘मांस नको’ म्हटले की पुष्कळदा मासा पुढे येतो, कारण ‘म्यासो’ या शब्दात त्यांच्या लेखी मासा येत नाही. त्याचा शब्द वेगळा, ‘रीबा’. मांस नसलेले सूपही मांसाच्या रश्शात शिजवलेले असू शकते. गोड पदार्थांत ‘झेलातिन’ असते, चीजमध्ये प्राणिज विरजण असू शकते. म्हणून तिने सिरिलिक लिपी शिकली ती आधी पाकिटांवरील मजकूर वाचण्यासाठी, नंतर पुस्तकांसाठी.

मात्र त्याच भाषेने तिला एक किल्लीही दिली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वी सुमारे सात आठवडे ‘पोस्त’ पाळतात. त्यात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य. त्या काळात अनेक उपाहारगृहांत ‘पोस्तनोये’ म्हणजे उपवासाचे पदार्थ मिळतात. कांदा, बटाटा, बीट, अळंबी त्यात चालतात, म्हणून आपल्याला प्रत्येक पदार्थ विचारूनच घ्यावा लागतो. तरीही ‘मी उपवासाचे खाते’ असे म्हटल्यावर समोरच्या माणसाच्या कपाळावर आठी चढत नाही. घरच्या स्वयंपाकात तिला मोठा आधार मिळाला तो ‘ग्रेचका’चा. हे आपले कुट्टूच. रशियन घरांत ते भातासारखे शिजवून रोज खाल्ले जाते. सोबत कोबी, दुधी भोपळ्याच्या जातीची भाजी, वाटाणा आणि पनीरसारखा ‘त्वोरोग’ असला की जेवण पूर्ण होते.

तिथले सण, आपले सण

२०२१ साली लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला आले. त्या दिवशी रशियात राष्ट्रीय एकतेच्या दिनाची सुटी असते. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस परदेशात आयताच सुटीचा मिळाला, म्हणून मजल्यावरच्या सहा मराठी मुलींनी शंकरपाळे आणि चिवडा करण्याचा घाट घातला. चिवड्याच्या फोडणीत मिरची पडली, धूर वर गेला आणि आगीची सूचना देणारी घंटा वाजू लागली. चार मजले रिकामे झाले. तीनशे मुले घरच्या चपलांनिशी थंडीत उभी राहिली. वसतिगृहाच्या दारावर बसणारी वृद्धा, जिला सगळे ‘बाबुश्का’ म्हणजे आजी म्हणतात, तावातावाने वर आली. खिडकीत लावलेल्या पणत्या तिने फुंकर मारून विझवल्या आणि उचलून नेल्या. उघड्या ज्योतीला तेथे सक्त मनाई आहे. पुतणीच्या मनाला लागले ते पणत्यांवर फुंकर मारणे. त्यानंतर चार महिने दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

रशियात सर्वांत मोठा सण नववर्षाचा. ३१ डिसेंबरच्या रात्री क्रेमलिनच्या घड्याळाचे बारा टोले सगळा देश आपापल्या स्थानिक वेळेनुसार ऐकतो. मेजवानी मध्यरात्रीची आणि तीही बहुतांशी सामिष. त्यामुळे पुतणीच्या वाट्याला सूर्यास्तापूर्वी खाल्लेली संत्री आली. तेथे संत्र्यांच्या वासाशिवाय नववर्ष पुरे होत नाही, म्हणून तेवढ्यानेही ती सणात सामील झाली. खरी मौज पुढे आली. रशियाने १९१८ साली नवी कालगणना स्वीकारली, पण जुन्या पंचांगाचे नववर्ष लोक अजून हौसेने पाळतात. ते येते १३ जानेवारीच्या रात्री, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या तोंडावर. मुलींनी तिळगूळ वाटला आणि ‘जुने नवे वर्ष’ व संक्रांत एकत्रच पार पडली.

२५ जानेवारी हा विद्यार्थ्यांचा दिवस, संत तात्यानाचा. १७५५ साली याच दिवशी, जुन्या पंचांगानुसार १२ जानेवारीला, सम्राज्ञी एलिझाबेथने मॉस्को विद्यापीठाच्या स्थापनेच्या आज्ञेवर सही केली. हा दिवस परीक्षांच्या हंगामात येतो. परीक्षा तोंडी, टेबलावर उपड्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची आणि त्यावरील प्रश्नांची उत्तरे द्यायची. सर्वोच्च श्रेणी पाचाची, म्हणून मुले बुटात टाचेखाली पाचाचे नाणे ठेवतात. मैत्रिणींच्या आग्रहाखातर पुतणीनेही ठेवले. नाणे टोचून टाचेला फोड आला, श्रेणी मात्र चारच मिळाली. आजी फोनवर म्हणाली, ‘‘बाई, कर्म टाचेखाली दाबता येत नाही.’’

मार्च २०२२

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले. तोफा त्वेरपासून दूर होत्या, पण माणसे मरत होती आणि त्या बातम्यांनी मुलींची झोप उडाली. ५ मार्चला, शनिवारी, व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील व्यवहार थांबविण्याची घोषणा केली. घरून दिलेली कार्डे चार-पाच दिवसांत निरुपयोगी होणार होती. आपण व्यापारी माणसे. पैशाचा मार्ग बंद होणे म्हणजे काय, ते आपल्याला सांगावे लागत नाही. आमच्या घरी त्या रात्री कोणी जेवले नाही.

दुसरा दिवस ६ मार्चचा. मास्लेनित्सा या आठवडाभराच्या सणाचा शेवटचा रविवार. या सणात लोक गोल घावन करतात, त्यांना ‘ब्लिनी’ म्हणतात, आणि हिवाळ्याची पेंढ्याची बाहुली आपल्या होळीसारखी जाळतात. शेवटच्या रविवारचे नाव ‘क्षमेचा रविवार’. मोठ्या उपवासात शिरण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याची क्षमा मागायची. उत्तर ठरलेले असते, ‘ईश्वर क्षमा करील.’ त्या सकाळी बाबुश्का जिना चढून पुतणीच्या दाराशी आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा पणत्या होत्या. ‘‘प्रोस्ती मेन्या,’’ ती म्हणाली, मला क्षमा कर. पुतणीला तिचे ठरलेले उत्तर ठाऊक नव्हते. तिच्या तोंडून आपोआप निघाले, ‘‘मिच्छामि दुक्कडम्.’’ बाबुश्काला शब्द कळले नाहीत, पण जोडलेले हात कळले.

दोन दिवसांनी ८ मार्च, महिला दिन. तेथे सार्वजनिक सुटी. मुलींनी जपून ठेवलेल्या नोटांतून बाबुश्कासाठी चार ट्यूलिप आणली. ती पाहून ती क्षणभर थबकली. रशियात सम संख्येची फुले फक्त मृताला वाहतात. तिने काही न बोलता एक फूल काढून पुतणीच्या हाती दिले. तिच्याकडे तीन राहिली, हिच्याकडे एक, दोन्ही विषम.

पैशाचा प्रश्न मात्र सात आठवडे चालला. या काळात एकाने आडमार्गाने रक्कम पोचविण्याची तयारी दाखविली. थोरल्या बंधूंनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, ती नाकारली. वहीत लिहिता येत नाही ते करायचे नाही, हा आमच्या पेढीचा शिरस्ता. मुलीच्या ताटाचा प्रश्न असताना तो पाळणे सोपे नव्हते. तिकडे सहा मुलींनी जवळचे रुबल, तांदूळ आणि डाळ एकत्र केली. व्यापाऱ्याची लेक म्हणून हिशेब पुतणीकडे आला. तिने वहीत जमा-खर्च मांडला. बँकेच्या रीतसर मार्गाने पहिली रक्कम पोचली, तेव्हा हिशेब जुळून चाळीस रुबल शिल्लक होते.

त्या उन्हाळ्यात विमानभाडे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून ती घरी येऊ शकली नाही. ऑगस्टअखेर संवत्सरी आली. प्रतिक्रमण तिने खोलीतच केले आणि नंतर खाली जाऊन बाबुश्काची क्षमा मागितली. या वेळी बाबुश्काने विचारले, ‘‘तुमचाही क्षमेचा रविवार असतो?’’ पुतणीने सांगितले, ‘‘असतो, पण वार बदलतो.’’

बर्फावरचा घात

तिसरे संकट डिसेंबर २०२३ मधले. दिवसा वितळलेला बर्फ रात्री काचेसारखा गोठतो. त्यावर पाय घसरून तिच्या घोट्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले. तेथील सूप मांसाच्या रश्श्याचे आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्तानंतरचे. वडिलांनी परतीचे तिकीट काढण्याची तयारी केली. आईने तर नियम सोडण्याचीही परवानगी दिली. आजारपणात सूट आपल्या शास्त्रातही आहे. पुतणीने औषधासाठी सूट घेतली, जेवणासाठी घेतली नाही. कारण बाबुश्का रोज दुपारी तीन वाजता ग्रेचकाची गरम बरणी शालीत गुंडाळून आणीत असे. खिडकीकडे बोट दाखवून ती म्हणे, ‘‘सोल्न्त्से!’’ म्हणजे सूर्य, लवकर जेव.

पुतणी परत आली नाही. जानेवारीच्या परीक्षा तिने कुबड्या घेऊन दिल्या.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना पाठविण्यापूर्वी काही गोष्टी जरूर कराव्यात. निघण्याच्या तीन महिने आधी सिरिलिक लिपी शिकवावी. बर्फावर न घसरणाऱ्या तळव्याचे बूट आणि चांगला आरोग्यविमा यांत काटकसर करू नये. पैसे एकाच कार्डावर ठेवू नयेत आणि आडमार्गाला जाऊ नये. भारतात परतल्यावर स्क्रीनिंग परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते, हे पहिल्या वर्षापासून ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट मात्र विकत मिळत नाही. परक्या देशात दार लावून पाळलेला नियम मुलाला एकटे पाडतो. शेजाऱ्याला समजावून पाळलेला नियम शेजारीही राखू लागतो. उपवास आणि क्षमा या दोन गोष्टी व्होल्गाकाठच्या एका वृद्धेला आमच्या मुलीइतक्याच ओळखीच्या होत्या. फक्त दोघींची पंचांगे वेगळी होती. निकितिनचे ग्रंथ लुटले गेले आणि त्याचे पंचांग हरवले, तरी त्याने उपवास सोडला नाही. आपल्या मुलांच्या खिशात तर पंचांग आणि सूर्यास्ताची वेळ दोन्ही असतात. त्यांना हवे आहे ते ‘आज जेवलीस का, आणि कोणाबरोबर?’ असे रोज विचारणारे घर.