एषणांचा क्रम आणि वैद्याचा संकल्प

धनत्रयोदशीला धन्वंतरीपूजन आटोपले की नव्या वहीच्या पहिल्या पानावर वर्षाचे संकल्प लिहिण्याचा आमचा परिपाठ आहे. एका वर्षी त्या पानावर तीन ओळी होत्या : पंचकर्मासाठी स्वतंत्र इमारत, स्वतःची औषधनिर्मिती आणि जिल्ह्यात नावलौकिक. वर्ष सरले तेव्हा इमारतीचा केवळ पाया खणून झाला होता व कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. रुग्णांना वेळेवर जेवण्याचा उपदेश करणारे आम्ही स्वतः रात्री अकरानंतर पानावर बसत होतो. पुढे आमचीच रक्तशर्करा वाढल्याचे निदान झाले, तेव्हा ती वही पुन्हा उघडावी लागली.

चूक संकल्प करण्यात नव्हती, संकल्पांच्या क्रमात होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा असा क्रम दिला आहे. प्राण गेल्यास सर्वच गेले, म्हणून प्राणरक्षण प्रथम : स्वस्थाने स्वस्थवृत्त पाळावे, आतुराने विकारशमनात हयगय करू नये. त्यानंतर धन. साधनांवाचून दीर्घायुष्य लाभणे ही मोठीच आपत्ती, असे आचार्य मानतात; म्हणून शास्त्र धनाला तुच्छ लेखत नाही, मात्र ते सज्जनांनी निंदिलेल्या मार्गाने मिळवू नये, असे सांगते. तिसऱ्या एषणेचा विचार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार करावा. आमच्या वहीत धन व कीर्ती होती; प्राण कोठेच नव्हता.

ध्येय पेलणारे आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्याच्या आधीच्या महाचतुष्पाद अध्यायात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व असाध्य असे भेद आहेत. असाध्य व्याधीची चिकित्सा अंगावर घेणारा वैद्य धन, विद्या व यश तिन्ही गमावतो, असा इशाराही तेथे आहे. हीच कसोटी आम्ही आमच्या संकल्पांना लावली. वेळेवर भोजन सुखसाध्य ठरले. औषधनिर्मिती कृच्छ्रसाध्य, कारण परवाना, अनुसूची 'टी'प्रमाणे जागा, नोंदी व जाणते मनुष्यबळ यांवाचून ती आरंभणे योग्य नव्हे. इमारत त्या काळी आमच्या आर्थिक बलापुरती असाध्यच होती. बांधकाम थांबवताना मनाला लागले. परंतु रुग्णाला प्रत्याख्येय सांगण्याचे धैर्य ज्याच्या अंगी असावे, त्याने ते स्वतःलाही सांगितले पाहिजे.

उरलेल्या ध्येयांसाठी सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम उपयोगी पडला. जडलेली अहितकर सवय एकदम न तोडता अंशाअंशाने सोडावी आणि हितकर सवय तशीच अंशाअंशाने अंगीकारावी, असा तो उपदेश आहे. आम्ही सायंकाळची शेवटची रुग्णवेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. चार महिन्यांत रात्रीचे जेवण आठला होऊ लागले. काही रुग्ण दुरावले, उत्पन्न किंचित घटले; साखर मात्र आटोक्यात आली. औषधनिर्मितीसाठी पहिल्या वर्षाचे काम एवढेच ठरवले : तीन चूर्णांची कच्ची वनस्पती ओळखून, पारखून घेण्याची व्यवस्था बसवणे.

व्यवसायबंधूंनी व औषधालयांच्या मालकांनी येत्या धनत्रयोदशीला वही उघडताना प्रत्येक संकल्पापुढे दोन गोष्टी लिहाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे : हा कोणत्या एषणेचा, आणि आपल्या आजच्या बलाला साध्य की असाध्य? पहिली ओळ मात्र स्वतःच्या प्रकृतीसाठी राखून ठेवावी.