बॉनेटखालचा वैशाख

एप्रिलमध्ये बदलापूरचं नाव मुंबईच्या बातम्यांत येतं ते बहुतेक पारा चाळिशी ओलांडल्यावर. दुपारपर्यंत घाटाकडून कोरडा वारा येत राहतो आणि खाडीकडची झुळूक इथवर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलेलं असतं. या पट्ट्यातल्या माणसांनी त्यावर ताक, वाळा, कूलर असे आपापले इलाज शोधलेत. गाड्यांचा प्रश्न मात्र गेल्या दहा-बारा वर्षांतला, कारण सोसायटीच्या पार्किंगमधल्या छोट्या पेट्रोल गाड्यांमध्येही आता टर्बो आला आहे.

तसा टर्बो इथे नवा नाही. शेजारच्या कल्याणच्या डिझेल लोको शेडमधल्या माणसांनी सोळा सिलिंडरच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांचे टर्बो कित्येक वर्षं हाताळले. पण रेल्वे इंजिनात पंख्याला, रेडिएटरला, हवेला हवी तेवढी जागा असते. चार मीटरच्या आतल्या गाडीत तीच भट्टी बॅटरी, वायरिंग आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या मधोमध बसवावी लागते.

भट्टी हा शब्द जपूनच वापरला आहे. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, दुसरा त्या जोरावर बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. पेट्रोल गाडीत हा धूर पुऱ्या जोरावर असताना ९०० अंशांच्या वर जातो आणि दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. घाटात गाडी ओढून आणली आणि अंधारात बॉनेट उघडलं, तर धुराच्या बाजूचं बिडाचं घर मंद लाल दिसू शकतं.

ही झाली एक उष्णता. दुसरी हवेची. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं, तसंच इथेही होतं, फक्त प्रमाण वेगळं. ३५ अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली की टर्बोतून बाहेर पडताना ती १२५-१३० अंशांची झालेली असते. गरम हवा विरळ असते. दर दहा अंशांमागे साधारण तीन टक्के हवा कमी भरते. शिवाय पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं. म्हणून मध्ये ही हवा निववणारा इंटरकूलर लागतो. तो कमी पडला की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच स्पार्क उशिरा देतो, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब कमी करतो. मालक गॅरेजमध्ये येऊन सांगतो, ‘पिकअप पडलाय.’ बिघाड काहीच नसतो, गाडीनं आपला जीव वाचवलेला असतो.

वेगात गाडी तापते अशी एक समजूत आहे. वेगात वारा असतो, तोच सगळं काम करतो. या भागात गाडीची खरी परीक्षा होते ती कल्याण-बदलापूर रस्त्यावर, उल्हासनगरच्या श्रीराम चौकापासून अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यापर्यंत मुंगीच्या पावलानं सरकताना. वारा शून्य, एसी चालू, खाली तापलेलं डांबर, पुढच्या ट्रकचा धूर थेट जाळीत. एकटा पंखा काय ओढील तेवढंच. त्यात मांडणी अशी की अनेक गाड्यांत पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, आणि इंटरकूलर त्यांच्या पुढे, मध्ये किंवा बंपरमध्ये खाली. केबिनमधून काढलेली उष्णता कंडेन्सर पुढूनच हवेत सोडतो आणि तीच हवा मागच्यांच्या वाट्याला येते.

या थरांमधली फट एकदा बघण्यासारखी असते. बंपर उतरवून टॉर्च मारला की पावसाळ्यातला वाळलेला चिखल, पाखरांचे पंख, बारीक खडी आणि एप्रिल-मेमध्ये सावरीचा कापूस दिसतो. बोंडं फुटली की तो हवेत तरंगत येतो आणि कंडेन्सरच्या पत्र्यांवर नमद्यासारखा बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत हवा अडलेली असते. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपानं तो जातो खरा, पण बंदूक फार जवळ धरली तर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आडवे होतात आणि वाट कायमची बंद होते. मऊ ब्रश आणि आतून बाहेर साधा पाण्याचा फवारा पुरतो. वेळ लागतो, म्हणून कोणी करत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: कंपनीनं उष्णतेला ठरवून दिलेली वाट आपणच बुजवतो. जाळीपुढे एलईडी बार लावतो. बंपर गार्डवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ मध्येच बंदी आणली, तरी ते रस्त्यावर दिसतात. टर्बोभोवतीचं पातळ ॲल्युमिनियमचं कवच एक बोल्ट गंजल्यावर खडखडतं, म्हणून काढून टाकायला सांगतो. ते कवच किरणांनी येणारी उष्णता परत फेकतं आणि मध्ये हवेचा थर राखतं. ते गेलं की शेजारची वायर वर्षभरात कडक होऊन तडकते. हॉर्नसाठी किंवा दिव्यांसाठी ओढलेली जादा वायर त्याच बाजूनं गेली असेल, तर गाडी पेटल्याची बातमी व्हायला फार काही लागत नाही.

आणि थर्मोस्टॅट! ‘शेठ, काढून टाकतो, गाडी तापणारच नाही’ हे वाक्य या पट्ट्यात अजून ऐकू येतं. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलंटची झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. गाडी तापते तेव्हा तो आधीच पूर्ण उघडा असतो, मग काढून मिळवलं काय? उलट हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं. कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी भरणं हा त्याचा जुळा भाऊ. क्षार आत बसतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आवळतात. रेडिएटरचं झाकण तर कोणाच्या खिजगणतीतही नसतं. त्यानं एक बार जादा दाब धरला तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सगळी सवलत गेली.

बॉनेटला भोक पाडून हवेचं नाकाडं बसवण्याची हौसही आहे. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरवर ते शोभतं, कारण तिथे इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसतो. बंपरमध्ये इंटरकूलर असलेल्या गाडीवर त्यातून फक्त पाणी येतं, जुलैमध्ये भरपूर. एक्झॉस्टला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टीही इथे जपून वापरावी. ती चार महिने ओल धरून ठेवते आणि खालचं लोखंड गंजतं.

कंपन्यांनी शोधलेली उत्तरं जास्त हुशार आहेत. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात धुराचा मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, म्हणजे टर्बोपर्यंत जायच्या आधीच धूर कूलंटनं थोडा निवतो. इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलेला आणि पाण्यानं थंड होणारा आहे, त्या पाण्याचा फेराही वेगळा. पंप, नळ्या, जोड मात्र वाढले, म्हणजे गळतीच्या जागाही वाढल्या.

तिसरी उष्णता गाडी बंद केल्यावर येते. चावी फिरवली की ऑइलचा पंप थांबतो, कूलंट थांबतं, वारा थांबतो, पण बिडाचं घर तापलेलंच असतं. ती उष्णता दांड्याच्या बेअरिंगकडे सरकते आणि तिथलं ऑइल भाजून काळा कोळसा होतो. थोडक्यात, तापल्या टर्बोवर गाडी लगेच बंद करायची नाही. ही शिस्त ट्रकवाल्यांनी कारवाल्यांच्या किती तरी आधी पाळली. आता बऱ्याच गाड्यांत बंद केल्यावरही इलेक्ट्रिक पंप किंवा पंखा काही मिनिटं चालतो. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आणले तर सोसायटीत वेगळं थांबायची गरज पडत नाही. घाटानंतर मात्र मिनिटभर आयडलला ठेवावी.

या भागातल्या टर्बोवाल्यांची त्या कोंडीसारखीच परीक्षा पाहणारा रस्ता म्हणजे नेरळ ते माथेरानचा दस्तुरी नाका. सात-आठ किलोमीटरमध्ये जवळपास सातशे मीटर चढ, पहिला-दुसरा गिअर, वेग इतका कमी की वारा नाही, आणि बूस्ट पूर्ण. रविवारी बदलापूरहून आलेल्या नव्या गाड्या वळणांवर बॉनेट उघडून उभ्या दिसतात. एसी बंद करून, गिअर खाली ठेवून, पुढच्या गाडीपासून अंतर राखून चढवली तर बहुतेक गाड्या वर जातात. शेजारून नेरळच्या शेअर टॅक्सीच्या ओम्नी आणि ईको दिवसभर खेपा मारत असतात. त्यांना टर्बो नाही, आणि इंजिन बॉनेटखाली नसून पुढच्या सीटखाली आहे. इंजिन किती तापलंय हे त्या चालकाला काट्याच्या आधी कळतं.