पाणबुड्यांचें पंचांग

अक्कलकोटसारख्या कोरड्या मुलुखांत पोहणें शिकावयाचें तें विहिरींत. तिचें पाणी कोणास ओढून नेत नाहीं. म्हणून, मालवणास जाऊन, पाठीवर हवेचें नळकांडें बांधून सिंधुदुर्गाजवळच्या खडकांत बुडी मारण्याचा बेत भाच्यानें सांगितला, तेव्हां आमच्या ताईंस घोर लागला. तो अगदींच अस्थानीं नव्हता. कुस्तो व गान्यां या फ्रेंच जोडीनें १९४३ सालीं सिद्ध केलेल्या यंत्रानें मनुष्यास पाण्यांत श्वास दिला. प्रवाहाशीं झुंजण्याचें बळ दिलें नाहीं.

खडकांच्या चिंचोळ्या फटींतून वाहतांना भरतीओहोटीचें पाणी वेग घेतें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत ओढ अधिक. अष्टमीनंतर भांगाचें पाणी मवाळ. भरती सरून ओहोटी लागण्यापूर्वीं तें क्षणभर थबकतें, तीच बुडीची वेळ. किनाऱ्यावरून उतरणारानें आधीं प्रवाहाच्या उलट जावें, म्हणजे दमल्यावर परततांना तोच साह्य करतो. वर येतांना श्वास मात्र कोंडूं नये: दहा मीटरांवर छातींत भरलेली हवा पृष्ठभागाशीं दुप्पट होऊं पाहते, आणि फुप्फुस फाटतें.

हें ऐकून ताईंनीं खुंटीवरचें पंचांग काढलें. दिवस त्यांनींच ठरविला: मार्गशीर्ष शुद्ध नवमी.