मोडलेल्या हाडाची मुदत

सुश्रुताने भग्नचिकित्सेत हाडाचा जोड स्थिर होण्याची मुदत वयावर बांधून दिली आहे. प्रथम वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट, असा त्याचा हिशेब असून, तो येथे मुद्दाम सांगितला तो प्राचीनत्वाचा डिंडिम पिटण्यासाठी नव्हे, तर या कामात वैद्याची ढवळाढवळ शरीर किती थोडी चालू देते हे ध्यानात यावे म्हणून. कामट्या असोत वा प्लास्टर, त्यांचा अधिकार बंदोबस्तापुरता. जोडकाम करतात त्या पेशी आणि त्यांना रसद पुरविणारे रक्त.

मोडीच्या जागी साकळलेले रक्त म्हणजे निरुपयोगी गाळ नव्हे. त्यातून दाह उत्पन्न होतो, दाहाच्या हाकेने पेशी गोळा होतात, प्रथम कूर्चेचा मऊ किण, म्हणजे जोडाची गाठ, धरतो आणि मागाहून त्यात चुना भरून तो कठीण होतो. म्हणूनच दाहशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जोड लांबण्याची भीती काही वैद्यांना वाटते.

या पेशींचे माहेर कोणते, याचा छडा एका जेवणाच्या ताटातून लागावा हे मौजेचे आहे. लंडनचा शल्यवैद्य जॉन बेल्चियर एका छिटाच्या कारखानदाराकडे जेवावयास गेला असता ताटातील डुकराची हाडे त्यास तांबडी दिसली. ते डुकर मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या रंगात भिजलेल्या कोंड्यावर पोसलेले होते. ही हकीकत १७३६ साली प्रसिद्ध झाली, आणि ती कळल्यावर हाड कोठून वाढते याच्या शोधास लागलेल्या फ्रान्सच्या द्युआमेलने कबुतराच्या हाडावर, पण आवरणाच्या आत, चांदीची तार बसवली; काही आठवड्यांनी पाहतो तो तारेवर नवे हाड चढलेले. हाडावरील पातळ आवरणात अस्थिनिर्मितीची शक्ती आहे असे त्याने प्रतिपादले, आणि पुढे त्यावर वाद पुष्कळ माजले तरी मूळ निरीक्षण टिकून राहिले.

मात्र आवरण सर्वत्र सारखे नाही आणि रक्तही नाही. मनगटातील नौकाकृती हाडात बहुतेक रक्त बोटांकडील टोकाने शिरून उलट्या दिशेने वाहते. हे हाड मधल्या कमरेत मोडले की कोपराकडील तुकड्याची रसद तुटते, आणि सुपारीएवढ्या त्या हाडापायी तरुण माणूस महिनोन्‌महिने अडकून पडतो. मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या पिशवीत असल्यामुळे तिचीही हीच गत. तंबाखूचे व्यसनी ही अडचण हौसेने ओढवून घेतात, कारण निकोटीनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात.

जुळलेले हाडही कायमचे जुळले असे समजू नये. १७४० साली निघालेल्या अ‍ॅन्सनच्या आरमारी सफरीच्या वृत्तांतात, पन्नास वर्षांपूर्वी बॉइनच्या लढाईत जखमी झालेल्या एका जुन्या शिपायाची नोंद आहे: स्कर्व्हीने त्याच्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या, आणि जुन्या मोडीचा किण विरघळून हाड जणू कधी सांधलेच नव्हते असे झाले. क जीवनसत्त्वावाचून शरीरास चांगले कोलॅजन घडविता येत नाही, आणि कोलॅजन हा तर हाडाचा ताणा. तो अखंड बदलत असल्याने पुरवठा थांबताच जुना जोडही सुटतो.

हालचालीविषयी मतभेद जुनेच. अत्यंत हालणारी मोड जुळत नाही, पण अल्पशी हालचाल किणाला उत्तेजनच देते. सायबेरियातील कुर्गानच्या इलिझारोव्हने १९५०च्या दशकात हे तत्त्व पुढे नेले: कापलेले हाड काही दिवस स्थिर ठेवून मग वर्तुळाकार चौकटीने दररोज एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांनी, ताणत नेले की मधल्या फटीत नवे हाड उगवते; घाई केली तर तेथे नुसते तंतू उरतात, आणि आळस केला तर फट पुरती वाढण्याआधीच हाड जुळून जाते.