ही फाइल कायमची पुसायची का?

एकच फाइल. ती संगणकाच्या आतल्या डिस्कवर असताना डिलीटची कळ दाबली, तर हल्लीचं विंडोज काहीच विचारत नाही. निमूटपणे ती रिसायकल बिनमध्ये नेऊन ठेवतं. तीच फाइल पेन ड्राइव्हवर असेल तर मात्र चौकट उघडते : ही फाइल कायमची पुसायची, हे नक्की ना? आणि तीच बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर असेल, तर बहुधा पुन्हा काही विचारलं जात नाही. पेन ड्राइव्ह काय आणि हार्ड डिस्क काय, दोन्ही त्याच खाचेत बसतात. मग ही वेगळी वागणूक का?

लेखकांच्या घरच्या आणि लहान ग्रंथालयांच्या डिजिटल कागदपत्रांच्या याद्या करण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं, टंकलिखितांची छायाचित्रं, अर्धवट कादंबऱ्या हे सगळं आता पुठ्ठ्याच्या खोक्यातून नव्हे, तर पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्कमधून येतं. या कामात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वाङ्मयीन नाही. तो असा : “हे असं का विचारतंय?” बहुतेकांना वाटतं, संगणक बिघडला किंवा व्हायरस शिरला. तसं काही नसतं. तो प्रश्न शब्दशः खरा असतो, आणि त्याचं उत्तर देण्याआधी केराची टोपली कुठे असते हे समजून घ्यावं लागतं.

पडद्यावर टोपलीचं चित्र एकच दिसतं. ॲपलने ती कल्पना १९८३च्या लिसा आणि १९८४च्या मॅकिंटॉश संगणकांत आणली. विंडोजमध्ये ती १९९५ साली रिसायकल बिन या नावाने स्थिरावली. तेव्हापासून आपल्या मनात अशी समजूत घट्ट बसली की टाकलेलं सगळं एका ठिकाणी जाऊन पडतं. प्रत्यक्षात टोपल्या अनेक असतात. विंडोज प्रत्येक डिस्कवर तिची तिची टोपली करतं. रिसायकल बिन याच नावाचा, पुढे डॉलरचं चिन्ह असलेला तो लपवलेला फोल्डर असतो. पडद्यावरचं चित्र म्हणजे या सगळ्या टोपल्यांची एकत्र खिडकी. म्हणूनच मोठी फाइलसुद्धा क्षणात टोपलीत जाते : ती जागची हलतच नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. बाहेरच्या डिस्कवरची चाळीस जीबीची चित्रफीत खरोखर संगणकातल्या टोपलीत न्यायची झाली असती, तर तेवढा वेळ चहा करून प्यायला पुरला असता.

आता पेन ड्राइव्ह. कोणतंही साठवणीचं उपकरण जोडलं की ते संगणकाला आपली ओळख सांगतं, आणि त्या ओळखीत एक छोटी खूण असते : मी काढघाल करण्याचं माध्यम आहे, किंवा नाही. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं साधारणपणे ‘आहे’ म्हणतात. बाहेरची हार्ड डिस्क, वायरने लोंबकळत असली तरी, साधारणपणे ‘नाही’ म्हणते. ‘आहे’ म्हणणाऱ्यावर विंडोज टोपली करत नाही. यात मला वावगं वाटत नाही. या हातातून त्या हातात जाणाऱ्या आठ जीबीच्या वस्तूवर न दिसणारा कचरा साठवण्यापेक्षा मालकाला विचारलेलं बरं. पण परिणाम असा, की पेन ड्राइव्हवर ‘हो’ म्हटलं की मधला टप्पा नाही. आपल्या ड्राइव्हवर टोपली आहे का, हे पाहायचं असेल तर रिसायकल बिनच्या चित्रावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडावं. तिथल्या यादीत ज्या ड्राइव्हचं नाव आहे, त्याला टोपली आहे.

मॅकची रीत वेगळी. तो पेन ड्राइव्हवरही लपवलेली टोपली करतो, लिनक्सही करतो. त्यामुळे मॅक वापरणाऱ्या मुद्रणालयातून परत आलेला पेन ड्राइव्ह रिकामा दिसतो आणि तरी ‘जागा नाही’ म्हणतो. फाइली त्याच्यातच आहेत, फक्त मॅकच्या टोपलीत. त्याच मॅकला जोडून ट्रॅश रिकामा केला की जागा परत मिळते.

टोपली असलेल्या हार्ड डिस्कवरही कधीकधी कायमचं पुसण्याचा प्रश्न येतो, तेव्हा कारणं वेगळी असतात. शिफ्टची कळ दाबलेली असते. किंवा कुणीतरी सेटिंगमध्ये टोपली बंद केलेली असते. किंवा फाइल टोपलीच्या ठरवलेल्या आकारापेक्षा मोठी असते. चौथं कारण मराठी माणसाने नीट लक्षात घ्यावं असं आहे : नाव फार लांब असणं. विंडोजचे पुष्कळसे भाग अजूनही ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता २६० चिन्हांत बसवू पाहतात. आणि देवनागरीत चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपल्या कानाला चार अक्षरांचा. संगणक तो ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा असा सुटा करून अकरा मोजतो. लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते, आणि तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे एका नावात जेमतेम ८५ चिन्हं. मासिकाचं नाव, वर्ष, अंक, लेखाचं शीर्षक, लेखकाचं नाव असं सगळं फाइलीच्या नावात कोंबणाऱ्या आमच्या ग्रंथपालांना ही मर्यादा फार लवकर भेटते. नाव आखूड करावं आणि तपशील वेगळ्या तक्त्यात लिहावा, हा उपाय कंटाळवाणा आहे पण टिकतो.

‘परवानगी नाही’ ही सूचना बहुधा डिस्क दुसऱ्या संगणकावर तयार झाल्यामुळे येते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर मालकाची नोंद माणसाच्या नावाने नसते, त्या संगणकाने दिलेल्या लांबलचक क्रमांकाने असते. नव्या संगणकाला तो क्रमांक अनोळखी. प्रशासकाचे अधिकार वापरून मालकी बदलता येते, पण दुसऱ्याची डिस्क असेल तर आधी विचारावं. ‘लेखन-संरक्षित’ ही सूचना आली तर प्रथम कार्डाच्या बाजूची बारीक पट्टी पाहावी. पट्टी ठीक असूनही पेन ड्राइव्ह लिहू किंवा पुसू देत नसेल, तर ती सूचना घालवण्याच्या खटपटीत पडू नये. झिजलेला पेन ड्राइव्ह पुष्कळदा शेवटी फक्त वाचण्यापुरता उरतो. त्या दिवशी पुसण्याचा विषय बाजूला ठेवून आतलं सगळं उतरवून घ्यावं.

आता, ‘हो’ म्हटल्यावर काय होतं? लहान पेन ड्राइव्हवर आजही सर्रास आढळणाऱ्या फॅट पद्धतीत फारच थोडं होतं. सूचीतल्या त्या फाइलीच्या नोंदीचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक ठरलेली खूण घातली जाते, आणि तिच्या तुकड्यांची साखळी मोकळी सोडली जाते. मजकूर जिथे होता तिथेच असतो. ग्रंथालयात पुस्तक फडताळातच आहे, पण तालिकेतलं कार्ड फाडलं, असा हा प्रकार. (खुणेसाठी निवडलेला अंक नेमका एका जपानी लिपिसंकेतातही येत होता, म्हणून तसं सुरू होणाऱ्या नावांसाठी दुसरा अंक ठेवावा लागला. लिपींची अडचण फक्त आपली नाही.) १९९१ साली आलेल्या एमएस-डॉस ५ मध्ये पुसलेली फाइल परत आणण्याची आज्ञा होती, आणि ती वापरणाऱ्याला नम्रपणे विचारत असे : या नावाचं पहिलं अक्षर कोणतं होतं?

म्हणून चुकून ‘हो’ दाबलं गेलं, तर त्या ड्राइव्हवर त्यानंतर एक अक्षरही लिहायचं नाही, हा एकच नियम. मोकळी झालेली जागा पुढची फाइल आली की भरते. ड्राइव्ह काढून ठेवावा आणि फोटोरेकसारखा मोफत कार्यक्रम दुसऱ्या डिस्कवरून चालवावा. सापडलेल्या फाइलीही दुसऱ्याच डिस्कवर उतरवाव्यात. फोटोरेक सूची पाहत नाही, फाइलींची सुरुवात कशी होते ते ओळखून त्या शोधतो. त्यामुळे चित्रं परत येतात, नावं येत नाहीत. चार हजार स्कॅन केलेली पानं क्रमाशिवाय हातात येणं म्हणजे काय, हे जुन्या मासिकांवर काम करणाऱ्याला सांगायला नको. एसएसडीवर तर एवढीही आशा धरू नये. पुसलेली जागा कोणती हे संगणक तिला कळवू शकतो, आणि तसं कळवलं की ती डिस्क जागा आपणहून साफ करून टाकते.

राहिली ती सूचना जी मला सर्वांत धोक्याची वाटते : या ड्राइव्हवरची रिसायकल बिन खराब झाली आहे, रिकामी करायची का? डिस्क नीट न सोडवता ओढून काढणं, तीच डिस्क अनेक संगणकांना लावत फिरणं, अशा कारणांनी ही येते. प्रश्न दुरुस्तीसारखा वाटतो, पण ‘हो’ म्हणजे टोपलीतलं सगळं गेलं.

एका दिवंगत कथाकाराची हार्ड डिस्क आमच्याकडे आली तेव्हा ती जोडल्यावर हीच चौकट उघडली. सहकारी म्हणाला, ताई, कचराच आहे, हो म्हणू या. आम्ही ‘नाही’ म्हटलं, डिस्क सोडवली, आणि तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशा जोडणीतून तिची जशीच्या तशी प्रत घेतली. सगळं पुढचं काम त्या प्रतीवर. टोपलीत गेलेल्या फाइलीचं नाव बदलून एक निरर्थक नाव होतं, पण सोबत एक चिमुकली फाइल राहते, आणि तिच्यात मूळ पत्ता, आकार आणि टाकल्याची तारीख-वेळ असते. तिथे विजेची बिलं होती, लग्नाचे फोटो होते, आणि एका प्रसिद्ध कथेचे तीन खर्डे होते. तिन्ही एकाच रात्री, काही मिनिटांच्या अंतराने टाकलेले.

हे वाचायचा हक्क कुणाचा? अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाकडे सलमान रश्दी यांचे जुने मॅकिंटॉश संगणक आले आणि २०१० साली तिथला डिजिटल संग्रह अभ्यासकांना खुला झाला. पण तिथे लेखक हयात होते, काय दाखवायचं आणि काय नाही हे ते सांगू शकत होते. आमच्याकडे डिस्क देणाऱ्या कुटुंबाने फक्त ‘सगळं घ्या’ म्हटलं होतं, आणि टोपली दिसत नसल्यामुळे त्या ‘सगळ्यात’ ती धरली होती की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं. कागदावर लिहिणाऱ्याचा खर्डा फाडलेला असतो किंवा फाडलेला नसतो. इथे तो टाकलेलाही होता आणि शाबूतही.

मी त्यांच्या पत्नीला फोन केला. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यांनी टाकलं ते टाकलं. पण टोपली रिकामी करायची असते हे त्यांना ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं. तरी केली नाही. आता याचा अर्थ तुम्ही लावा.”

तिन्ही खर्डे यादीत आहेत : मूळ नाव, आकार, टाकल्याची तारीख. मजकुरापुढे ‘कुटुंबाच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नये’ असा शेरा आहे. काकूंनी परवानगीचा कागद मागवून घेतला आहे, अजून सही केलेली नाही.